बुधराम छाप

टेकचंदच्या डोक्यात लोगो शिरला तो साकोलीच्या हायवेवर, चहा पिता पिता. चहात काही खोट नव्हती. खोट समोरच्या दुकानात होती. तिथे पाच-पाच किलोच्या पिशव्यांत चिन्नोर तांदूळ मांडून ठेवला होता आणि तो तांदूळ टेकचंदचा होता. स्वतःच्या गिरणीतून निघालेला तांदूळ माणूस वासावरून ओळखतो, त्याला पावती लागत नाही. पण पिशवीवर एक गोरीपान बाई हातात वाटी घेऊन हसत होती आणि तिच्या पायाशी नागपूरच्या कुण्या व्यापाऱ्याचं नाव होतं. नागझिऱ्याला वाघ पाहायला गेलेली आणि वाघ न दिसल्यामुळे हिरमुसून परतलेली मंडळी गाड्या थांबवून त्या बाईचा तांदूळ घेत होती.

"पाह्य प्रविण, पाह्य," टेकचंद म्हणाला, "धान आमचे, गिरणी आमची, कोंडा आमच्या नाकातोंडात, अन् नाव या बाईचं! कोन व्हय हे?"

प्रविण म्हणजे त्याचा साळा, बायकोचा, म्हणजे रीनाचा धाकटा भाऊ. साकोलीत त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस असो, पुण्यतिथी असो, निवडणूक असो, माणसाला चौकात टांगायचं म्हटलं की प्रविणशिवाय पान हलत नसे.

"कोनी नाही ते, भाऊजी. इंटरनेटवरून उचलली. पन लोकं तिले ओळखते. तुमाले कोन ओळखते?"

हा घाव वर्मी बसला. त्याच्या गावात, अड्याळात, टेकचंदला कुत्रंसुद्धा ओळखत होतं. पण अड्याळची वेस ओलांडली की तो नुसता 'गिरणीवाला' होता, आणि पवनी ओलांडली की तोही नव्हता.

"लोगो पायजे," प्रविण म्हणाला. "लोगो नाही त काही नाही."

झालं. त्या दिवसापासून टेकचंदला लोगोचा ध्यास लागला. जेवताना लोगो, झोपताना लोगो. वाघ घ्यायचा का? प्रविणनेच मान हलवली. हायवेवर पंक्चरवाल्याकडे वाघ, ढाब्यावर वाघ, ब्यूटी पार्लरवरसुद्धा वाघ. नागझिऱ्यात नसतील एवढे वाघ साकोलीच्या पाट्यांवर होते. मग टेकचंदने लाजत लाजत मोबाइल पुढे केला. त्यात आंबागडच्या किल्ल्यावर काढलेला त्याचा स्वतःचा फोटो होता, गॉगलसकट. खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिल्यापासून तोच होता.

प्रविणने फोटो बराच वेळ पाहिला. "भाऊजी, राग नोका मानू. हा माणूस तांदूळ नाही विकून राहिला. प्लॉट विकून राहिला."

"मंग?"

"तांदळाले बुढा पायजे. बुढ्याच्या तोंडावर इमान दिसते. तुमच्या बाबाचा फोटो नाही काय?"

टेकचंदचे वडील बुधराम जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गिरणी त्यांनीच टाकलेली. माणूस इमानदार, यात वादच नाही. त्यांच्या काट्यात कधी चिमूटभराचा फरक निघाला नाही. पण इमान तोंडावर दिसायला तोंड जरा मोकळं लागतं, आणि बुधरामचं तोंड जन्मभर कुलूप लावल्यासारखं बंद. हसणं म्हणजे नासाडी, अशी त्यांची समजूत असावी. सबंध गावाला त्यांच्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक त्यांचा काटा आणि दुसरी त्यांची काळी छत्री. पावसाळ्यात बुधराम छत्री उघडून पुढे चालत आणि दहा पावलं मागे सखाबाई, त्यांची बायको, डोक्यावर पदर घेऊन भिजत. त्या छत्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. अजूनही ती गिरणीत खिळ्यावर टांगलेली होती आणि टेकचंद तिला रोज उदबत्ती ओवाळत होता.

फोटो शोधले तर निघाले दोनच. एक आधार कार्डावरचा, त्यात बुधराम नुकतेच कुठून तरी पकडून आणल्यासारखे दिसत होते. दुसरा टेकचंदच्या लग्नातला, त्यात ते कुणाच्या तरी ताटातल्या उष्ट्या भाताकडे डोळे वटारून पाहत होते. प्रविणने आधार कार्डावरचा घेतला, डोक्यावर फेटा चढवला, मिशा कोरल्या, गालांत थोडं मांस भरलं आणि शेवटी ओठांची टोकं वर उचलून दिली. बुधराम मेल्यानंतर पहिल्यांदा हसले. खाली गोल अक्षरांत लिहिलं: 'बुधराम छाप अस्सल चिन्नोर.'

पहिलं छापील पोतं घरी आलं तेव्हा टेकचंदने ते आईसमोर उलगडलं. पोतं म्हणजे आपली नेहमीची प्लास्टिकची विणलेली पन्नास किलोची चुंगडी, पण जाड, चकचकीत आणि मधोमध हातभर बुधराम.

सखाबाईने चष्मा लावला. चष्मा काढला. पुसून परत लावला. "हे हासून राहिले?"

"हो माय. कंपूटरनं हासवलं."

"कंपूटरले जमलं म्हणायचं," सखाबाई म्हणाली आणि चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला. "चांगले दिसते पन. हे एक मले राहू दे."

"माय, तांदूळ भरून देतो ना."

"तांदूळ कायले? घरात काय कमी हाय? नुसतं पोतं दे."

टेकचंदचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आई ते देवाजवळ ठेवणार. त्याने सगळ्या गावाला तसं सांगितलंसुद्धा.

आता लोगो झाला, पण लोगो कपाटात ठेवून ब्रँड होत नसतो. प्रविणने सल्ला दिला, "भाऊजी, पहिल्या वर्षी घरोघरी पोचवा. लोकांच्या नजरेसमोर चोवीस तास राह्यला पायजे." टेकचंदने ते शब्दशः मनावर घेतलं. दिवाळीनंतर धान निघाले. गावोगावचे शेतकरी बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी धान भरडायला गिरणीवर आले. एरवी लोक तांदूळ आपल्याच जुन्या, ठिगळाच्या पोत्यांत भरून नेत. यंदा टेकचंदने प्रत्येकाला नवीकोरी बुधराम छाप चुंगडी फुकट दिली. धान ज्याचे त्याचे, तांदूळ ज्याचा त्याचा, बाप मात्र टेकचंदचा.

लोक काय नाही म्हणतात? कुणी दोन मागितल्या, कुणी साळीसाठी मागितली. मंडईच्या दिवशी, गावच्या जत्रेत, सरपंचांनी माइकवरून सांगितलं, "लोकं मायबापाले वृद्धाश्रमात टाकते, आमच्या टेकचंदनं बापाले घराघरात पोचवलं! श्रावणबाळ व्हय हा!" टाळ्या पडल्या. टेकचंद मान खाली घालून उभा राहिला. आतून मात्र फुगला होता. गॉगलवाला फोटो घेतला असता तर कुणी श्रावणबाळ म्हटलं असतं काय? साकोलीच्या दुकानदारानेही वाटीवाल्या बाईशेजारी बुधरामला जागा दिली. पाच-सहा महिने सगळं कसं आबादीआबाद.

पण एक गोष्ट साकोलीच्या फ्लेक्सवाल्याला ठाऊक नसली तर समजू शकतं. गिरणीवाल्याला ठाऊक नसावी? आपल्याकडे पोतं कधी फेकतात काय? माणूस जातो, पोतं राहतं. तांदूळ संपला की पोत्याचं खरं आयुष्य सुरू होतं.

पहिला झटका मे महिन्यात बसला. यादोरावच्या मोटारसायकलची सीट फाटली होती आणि तिच्यावर सुतळीने घट्ट आवळलेले बुधराम होते. यादोराव चांगला शंभर किलोचा गडी. तो उतरला तेव्हा बुधराम चपटे झालेले, तरी हसत होते.

"यादोराव, हे काय?"

"तुह्या बापाच्या कृपेनं बुड भाजत नाही आता," यादोराव मनापासून म्हणाला.

टेकचंद तिथून सटकला. पुढे गेला तर इश्वरच्या दाराशी पायपुसणं. पाराजवळ धनीराम पत्ते खेळत बसलेला. टेकचंदला पाहून तो चटकन उठला आणि खालचं पोतं दाखवत म्हणाला, "मी उलटं टाकून बसतो बरं! तोंड जमिनीकडे. त्यायच्या तोंडावर कसा बसीन जी?" शकुनबाईच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. शेजाऱ्यांत जरा जाणती बाई, भाताच्या रोवणीच्या बायांची मुकादम. तिने तर आपण होऊन समजावलं, "पाह्य टेकचंद, काकाच्या तोंडावर एक मिरची नाही टाकली. बाजूबाजूनं टाकली. डोळ्यात जाईन ना त्यायच्या."

कुणाच्याच मनात पाप नव्हतं, हीच तर पंचाईत. पाप असतं तर भांडता आलं असतं. बुधराम म्हशीच्या पाठीवर होते, कोंबड्यांच्या खुराड्यावर होते, न्हाणीघराच्या दाराला पडदा होऊन लटकत होते. जन्मभर कुणाच्या अंगणात न गेलेला माणूस आता चोवीस तास लोकांच्या नजरेसमोर होता. करायला गेला गणपती अन् झालं माकड, ते असं.

लोक काय म्हणतील याची भीती टेकचंदला होतीच. श्रावणबाळाचा बाप पायपुसणं झाला म्हणजे काय उरलं? पण त्याहून मोठी भीती घरात होती. आईने हे पाहिलं तर? पन्नास वर्षं जिने नवऱ्यासमोर मान वर केली नाही, तिने त्याच्या तोंडावर चिखलाचे पाय पुसलेले पाहिले तर ती खचून जाईल, याबद्दल टेकचंदला तिळमात्र शंका नव्हती. त्याने आईला घराबाहेर पडूच दिलं नाही. "माय, तुये पाय दुखते. घरीच राय." सखाबाई म्हणायची, "मी कुठं म्हटलं पाय दुखते म्हणून?" "दुखते, तुले समजून नाही राहिलं." देवळात जायचं म्हटलं तर हा गाडीवर बसवून मागच्या रस्त्याने नेणार. रीना वैतागली. "सासूबाईले जेलात टाकलं काय तुमी?"

मग त्याने पोती गोळा करायचं ठरवलं. छापील पोतं द्या, साधं नवं पोतं घ्या. लोकांनी दोन्ही हातांत धरून, ओढून पाहिलं. "नाही जी, हेच मजबूत हाय. तुह्या बापासारखं." मोठ्या मिनतवारीने अकरा पोती जमली आणि दुसरंच संकट उभं राहिलं. अकरा बापांचं करायचं काय? जाळावं म्हटलं तर बापाला एकदा अग्नी दिला होता, अकरा वेळा कोण देईल? नदीत सोडावं तर वाहून कुठल्या गावाला निघतील, भरवसा नाही. शेवटी ती गिरणीत कोंड्याच्या खोलीत दडवली. तिथे अंधारात अकराही बुधराम त्याच्याकडे पाहून हसत होते आणि टेकचंदला त्या खोलीत जायची भीती वाटू लागली.

त्यातच प्रविणचा फोन आला. पुढच्या हंगामाची दोन हजार पोती छापायला टाकायची होती. टेकचंदने सगळं रडगाणं ऐकवलं. प्रविण हरखून गेला. "भाऊजी, यालेच त ब्रँड म्हणते! कंपन्या कोटी रुपये घालते तरी लोकं त्यायच्या लोगोवर बसत नाही!"

"तुह्या बापाले छाप मंग!" टेकचंद ओरडला.

प्रविण म्हणाला, "बरं, बैलजोडी टाकू. डिझाइन तयार हाय. उद्या दुपारपर्यंत सांगा, बैलजोडी का बुढा. मंग मशीन सुरू झाली की काही नाही होत."

दुसऱ्या दिवशी टेकचंदच्याच वावरात रोवणी होती. पाणी सकाळपासून एकसारखं पडत होतं. आईला घरी बसवून टेकचंद निघाला आणि आधी बाजारात थांबून मेणकापडाचे वीस तुकडे कापून घेऊन वावराकडे वळला. सगळं गाव आवरणं हाती नव्हतं, पण निदान आपल्या बांधीत, भाताच्या खाचरात तरी कुणाच्या अंगावर बाप दिसू नये, एवढंच त्याने ठरवलं होतं. प्रविणला काय सांगायचं तेही ठरलं होतं. बैलजोडी. बैलावर कुणी बसलं तर बैलाला वाईट वाटत नाही.

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पोचला आणि त्याचे पाय तिथेच रुतले.

बांधीत अठरा बाया ओळीने वाकून पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, रोवत होत्या. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ प्रत्येकीच्या डोक्यावर होती, ती पाठीवरून खाली आलेली. दोघी-तिघींच्या पाठीवर खताच्या कंपनीचं नाव होतं. बाकी सगळ्या पाठींवर बुधराम. पंधरा बुधराम पावसात ओलेचिंब होऊन, फेटा घालून, आभाळाकडे तोंड करून हसत होते आणि एक एक पाऊल मागे सरकत थेट टेकचंदच्याच अंगावर येत होते.

"थांबा!" तो ओरडला. "थांबा वो सगळ्या! काढा ते! मी मेणकापड आणलं, हे घ्या!"

"काहून गा?" शकुनबाईने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"काहून म्हणजे? माह्या बापाची काही इज्जत हाय का नाही?"

कुणी हललं नाही. रोवणीत ओळ मोडत नाहीत. टेकचंदचं टाळकं सरकलं. तो चपलांसकट चिखलात उतरला आणि धुऱ्याजवळच्या शेवटच्या बाईच्या डोक्यावरचं पोतं त्याने मागून खस्सकन ओढून घेतलं.

बाई कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली आणि वळली. सखाबाई होती.

"माय!"

"मंग कोन पायजे होतं?"

"तू घरी होती ना? तुये पाय..."

"पाय तू म्हणत होता. माहे हात चांगले हायेत. तू गाडी काढली अन् मी मांगच्या दारानं निंगाली." पाणी तिच्या पांढऱ्या केसांवरून कपाळावर येत होतं. "दे ते इकडे. भिजून राहिली ना मी."

टेकचंदने हातातल्या पोत्याकडे पाहिलं. कोरं, कुठे ठिगळ नाही, डाग नाही. हे तेच पोतं, आईने मागून घेतलेलं. देवाजवळ ठेवलंय म्हणून त्याने गावभर सांगितलेलं.

"माय, हे बाबा हाय," तो पोतं पुढे धरत म्हणाला. "लोकं पायपुसणं करून राहिले त्यायचं. म्हशीवर टाकून राहिले. मी तुह्यापासून लपवून लपवून मेलो, अन् तू बी तेच?"

"लपवलं? मले सगळं माहीत हाय. शकुनीच्या मिरच्या वाळत होत्या त मीच सांगतलं, तोंडावर नोको टाकू वो, डोळ्यात जाईन."

शकुनबाईने खाली मान घालून आणखी दोन पऱ्हे रोवले.

"अन् तुले वाईट नाही वाटलं?"

सखाबाईने हातातली पऱ्ह्यांची जुडी चिखलात टेकवली. "पन्नास वर्सं हेच बांधी रोवली मी. तू पोटात होता तरी रोवली. अन् तुया बाप तिथं, तू आता उतरला ना, तिथंच धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहे. मानूस वाईट नव्हता. उपाशी नाही ठेवलं, हात नाही उगारला. पन एक डाव म्हटलं नाही, ये वो, दोन मिनिटं छत्रीखाली उभी राय. मी धुऱ्याकडे पाहत राहो, आज म्हणन, उद्या म्हणन." तिने नाकावरचं पाणी पुसलं. "आता कुठं डोक्यावर आले. हासत आले. त तू वढून राहिला काय?"

बांधीतले सगळे हात थांबले होते. ओळ मोडली होती. टेकचंदला बापाचा राग आला. जन्मात पहिल्यांदा आला आणि तोही असा आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. गिरणीतली ती छत्री, तिला रोज ओवाळलेली उदबत्ती, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सखाबाईने त्याच्या हातातून पोतं घेतलं, झटकलं, कोपरा खोचला आणि डोक्यावर ठेवून पाठ त्याच्याकडे केली. "तोंड सरळ हाय काय त्यायचं? पाह्य बरं मांगून."

टेकचंदने दोन्ही हातांनी पोतं खाली ओढून सरळ केलं. ते जेमतेम कमरेपर्यंत पोचत होतं. त्याखाली लुगडं ओलं गच्च होतं, आणि पोत्याच्या विणीतूनही पाणी झिरपून खांद्यावर उतरत होतं.

"सरळ हाय, माय."

"मंग जाय आता. छत्तीस हात थांबवून ठेवले तुनं."

सखाबाई वाकली. ओळ परत जुळली. खिशात फोन वाजला. टेकचंद धुऱ्यावर चढला आणि नेमका त्याच जागी उभा राहिला.

"भाऊजी, मशीन सुरू करून राहिलो," तिकडून प्रविण म्हणाला. "सांगा लवकर. बैलजोडी ना?"

"बुढाच ठेव."

"पक्कं?"

"पक्कं. पन चुंगडीले आतून प्लास्टिक लाव. पानी गळलं नाही पायजे."

"भाऊजी, तांदूळ काही भिजत नाही त्यात."

"तांदळाचं कोन म्हणून राहिलं बे?" टेकचंद म्हणाला. "अन् हातभर लांब कर. पूर्ण पाठ झाकली पायजे."